सांगणारी शीर

"कंबर बांध माले, घट्ट बांध. बांधलेल्या बाईला दुखणं धरत नसतंय."

गिरजाबाईला जाऊन बरीच वर्षं झाली, पण लेकीच्या कानातून तिचा हा आवाज काही गेला नव्हता. माजलगावकडच्या काळ्या रानात कापूस वेचायला वाकण्याआधी गिरजाबाई जुन्या लुगड्याची पट्टी कमरेभोवती दोन वेढे आवळायची, गाठीवर थुंकल्यासारखं करायची आणि मगच ओळीला लागायची. वेचता वेचता तिच्या ओठांवर ओवी असायची, मागून बोंड तोडत येणाऱ्या लहानग्या दीपमालाला, म्हणजे तिच्या मालाला, ती पाठ झालेली:

कमरेला बांधी पदर, सरळ ठेवी पाठ गं
दुखण्याला दावू नये माझ्या घराची वाट गं

पुढे दीपमाला बाळंत झाली तेव्हा त्याच पट्टीनं आईनं तिचं पोट बांधलं. सासरी पहिल्यांदा पाठ धरली तेव्हा तिनं जुन्या पदरानं स्वतःच कंबर बांधून घेतली. माहेराहून कुणाला दागिना मिळतो, कुणाला भांडी. दीपमालाला ही पट्टी मिळाली होती. शेवटच्या आजारात आईनं ती उशाखालून काढून दिली आणि म्हणाली, असू दे तुझ्याजवळ, कामाची हाय. तेव्हापासून कुठंही काही दुखलं की दीपमालाचा हात आधी पेटीकडे जाई. डोकं दुखलं तरी कंबर बांधायची, म्हणून ज्ञानेश हसायचा. म्हणायचा, "माला, उद्या दात दुखला तरी तू कंबरच बांधशील."

हा ज्ञानेश म्हणजे तिचा नवरा. दोघं गाव सोडून मोशीला आले, तेव्हा तो भोसरीतल्या एका छोट्या कारखान्यात, पत्रा ठोकणाऱ्या प्रेसवर लागला आणि ती चाकणला, गाड्यांच्या वायरींचे जुडगे बांधणाऱ्या कंपनीत, ठेकेदाराकडून. राहायला शालनबाईंच्या चाळीत एक खोली. लेक दिव्या अंबाजोगाईला होस्टेलवर राहून शिकत होती. तेव्हा घरात माणसं दोनच, आणि ती दोन माणसं एकमेकांना पुरून उरत होती.

मग गेल्या उन्हाळ्यात प्रेसचा ठोका एकदा नको तेव्हा पडला. ज्ञानेशच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली, अंगठ्याशेजारचं आणि त्याच्या शेजारचं.

त्या भागात ही काही नवलाची गोष्ट नाही. चहाच्या टपरीवर चार हात कप धरतात, त्यातल्या एखाद्या हाताची बोटं मोजायला जाऊ नये, असा तिथला अलिखित रिवाज आहे. पण आपल्या माणसाचा हात आपल्याच मांडीवर ठेवून पट्टी बदलायची वेळ येते, तेव्हा नवल असो नसो, काळीज फाटतंच. ज्ञानेश भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. एके दुपारी तो म्हणाला, आता माझं काय होणार. तेव्हा दीपमाला त्याच्यासमोर बसली आणि म्हणाली, तुम्ही हात सांभाळा. माझे दोन्ही पाय धड हायेत. या पायांवर घर उभं ठेवते का न्हाई बघा.

बोलून गेली. शब्दच तो, पण तिच्या आईच्या घराण्यात दिलेला शब्द कमरेच्या गाठीसारखा असे, सुटला तर बाई सुटली.

आणि तिनं ठेवलंही उभं. ओव्हरटाइम घेतला, सुट्ट्या घेतल्या नाहीत. लाइनवर दिवसभर उभं राहून काम. कमरेला कंपनीचा जाड पट्टा, त्याला उजव्या बाजूला अडकवलेलं पाऊच. त्यात कटर, टेपची भेंडोळी आणि बारकोड वाचायचं यंत्र. पट्टा ढिला झाला तर पाऊच खाली घसरतं, म्हणून सगळ्या बायका तो कमरेच्या हाडावर करकचून बांधत. दीपमालाच्या पट्ट्याखाली आईची पट्टीही असे. दोन पट्टे. तिला वाटे, एक कंपनीचा, एक आईचा; एक ओझ्यासाठी, एक बळासाठी.

पोळ्याच्या सुमारास तिच्या उजव्या मांडीला बाहेरच्या अंगानं काहीतरी व्हायला लागलं.

आधी नुसत्या मुंग्या. मग कुणी मिरचीचा हात फिरवावा तशी आग. तळहाताहून जरा मोठा असा तेवढाच तुकडा, गुडघ्याच्या वर, बाहेरच्या बाजूला. पाय चालत होता, वाकत होता, जिना चढत होता; त्यात खोट काहीच नव्हती. फक्त तेवढं कातडं तिचं राहिलं नव्हतं. नखानं ओरखडलं तर कळेना, आणि साडीची नुसती घडी पडली तर अंगावर काटा यावा असा जाळ. शिफ्ट संपता संपता तो जाळ इतका वाढे, की बसमध्ये बसताना ती दात आवळून घेई. बसलं की मात्र हळूहळू निवायचं. उभं राहिलं की पुन्हा.

कुणी विचारलं तर ती म्हणायची, पाय दुखतोय. मांडी हा शब्द चारचौघांत बाईच्या तोंडी येत नाही. म्हणून कंपनीतल्या प्रथमोपचाराच्या माणसानं गुडघ्यावर मारायचा फवारा दिला, शेजारणीनं टाचेला लावायचं मलम दिलं, आणि औषधाच्या दुकानातल्या पोरानं कंबरदुखीच्या गोळ्या. तिनं सगळं घेतलं. घरी आली की पट्टी सोडायची आणि सकाळी पुन्हा एक वेढा जास्त आवळून बांधायची.

दुखणंही असं चावट, की नेमकं त्याच दिवसांत आलं जेव्हा ज्ञानेशची जखम भरून आली होती. मोशीतल्याच एका सोसायटीच्या गेटवर त्याला राखणदाराची नोकरी मिळाली. गणपतीत त्यानं स्कूटर बाहेर काढली. राहिलेल्या बोटांनी डावा ब्रेक धरता येतो की नाही, हे चाळीच्या मोकळ्या जागेत चार दिवस करून बघितलं, आणि मग म्हणाला, चल माला, आज तुला बसस्टॉपपर्यंत मीच सोडतो. त्याच्या आवाजात कितीतरी महिन्यांनी ऊन होतं. ती नेहमीसारखी डावीकडे पाय सोडून एका अंगावर मागे बसली.

त्याची एक जुनी सवय होती. सिग्नलला गाडी थांबली, की तो डावा हात मागे नेऊन तिच्या मांडीवर हलकेच थोपटायचा. बसलीस ना नीट, एवढंच त्यातून विचारायचा. त्या सकाळी नाशिक रस्त्याच्या सिग्नलला त्यानं तसाच हात मागे नेला. तो हात, ती तीन बोटं, तिच्या उजव्या मांडीच्या नेमक्या त्याच तुकड्यावर टेकली.

दीपमाला चटका बसावा तशी मागे सरकली. तोंडातून बारीक चीत्कार निघाला. शेजारच्या गाडीवरच्या माणसानंही वळून बघितलं.

ज्ञानेशनं हात पुढं घेतला. हँडलवर ठेवला. सिग्नल सुटला. बसस्टॉपवर ती उतरली तेव्हा तो एवढंच म्हणाला, डबा घेतलास ना. तिनं मान हलवली. बस आली आणि ती चढली. खिडकीतून बघते तर त्यानं डावा हात पँटच्या खिशात घातला होता आणि एका हातानं गाडी वळवायची खटपट चालली होती.

तेव्हाच तिच्या ध्यानात आलं, याला काय वाटलं ते. तिला वाटलं संध्याकाळी सांगू. पण संध्याकाळी तो इतका शहाण्यासारखा, इतका दूरदूरचा बोलत होता, की सांगायची फट सापडेना. शिवाय सांगायचं तरी काय? माझा पाय जळतोय? ज्या पायांच्या जोरावर तिनं शब्द दिला होता तेच पाय? त्याला ती ओळखत होती. तो विचारणार, कशानं झालं. ती सांगणार, उभं राहून. आणि दुसऱ्या दिवशी तो त्या प्रेसवाल्या मालकाच्या दारात उभा राहणार, तीन बोटांनी का होईना, घ्या मला म्हणून. एकदा तर तो बोललाही होता, की राखणदारी काय, म्हाताऱ्यांचं काम. प्रेसवर उजवा हातच लागतो जास्त. सांगितलं तर माणूस यंत्राच्या तोंडी जातो, न सांगावं तर मनातून जातो. दोन्हीकडून कोंडलेली बाई मधल्या वाटेनं गेली. म्हणजे गप्प बसली.

मग एकातून एक होत गेलं. स्कूटरवर मांडी त्याच्या पाठीला घासली की आग व्हायची, म्हणून तिनं मधे डब्याची पिशवी ठेवायला सुरुवात केली. त्यानं पिशवी बघितली. काही दिवसांनी ती म्हणाली, कंपनीची बस आता चौकापर्यंत येते, तुम्ही कशाला झोप मोडता. तो बरं म्हणाला. झोपेत त्याचा हात चुकून लागला तरी ती दचकायची, म्हणून तो भिंतीकडे सरकला, मग खाली चटईवर गेला. म्हणाला, गादीनं पाठ दुखते. चहाचा कप तो उजव्या हातानंच घेई आणि डावा पाठीमागे लपवी, जणू घरात पाहुणी आली आहे आणि तिला दिसायला नको. दिव्याचा व्हिडिओ कॉल आला की हसायचा, डावा हात चौकटीच्या बाहेर.

लाइनवर हात चालत असताना दीपमालाच्या मनात आईच्या चालीवर आपोआप शब्द बसायचे. कन्व्हेयरच्या घरघरीत ते कुणाला ऐकू जात नसत:

यंत्राच्या दाढेखाली गेली बोटं दोन गं
उरल्या तीन बोटांना परकं म्हणे कोण गं

मनातल्या मनात म्हणायची आणि तिथंच गिळायची. ओवीला जे सांगता येई ते तिला सांगता येत नव्हतं.

दिवाळीच्या आधी काम वाढलं तशी मांडीची आगही वाढली. तिनं पट्टी आणखी आवळली. गाठ मारताना श्वास पोटात ओढून घ्यायची. पट्टी सुटली की कमरेवर लाल वळ दिसायचे आणि ती त्यांच्याकडे समाधानानं बघायची, बांधणं नीट झालं म्हणून.

एका गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, पाणी भरताना ती कळशी घेऊन तशीच ओट्याला टेकली, ते शालनबाईंनी बघितलं. शालनबाई चाळीच्या मालकीण. मोशीचं जुनं घराणं. नदीकडची जमीन गेली, तिथं टॉवर झाले, आणि शालनबाईंना भाडेकरू झाले. जीभ धारेची, पण जीव लावणाऱ्या. त्यांनी तिला हाताला धरून आत नेलं, दार लावलं आणि म्हणाल्या, "आता खरं बोल. पाय पाय काय लावलंय? पाय कुटनं कुटवर असतोय मला म्हाईत न्हाई व्हय?"

बाईमाणसापुढं दीपमालानं साडी वर करून जागा दाखवली. शालनबाईंनी दाबून बघितलं आणि निकाल दिला, की शीर चढलीय. कांदा चिरण्यागत सोपं काम हाय, शेकून काढू. त्यांनी तव्यावर जाडं मीठ तापवलं, फडक्यात पुरचुंडी बांधली आणि मांडीवर ठेवली.

कसं वाटतंय, म्हणून विचारलं. दीपमाला म्हणाली, काहीच वाटत नाही मावशी. गरमच नाही. शालनबाईंनी मीठ पुन्हा तापवलं. आता? आताही नाही. त्या कौतुकानं म्हणाल्या, तुमची मराठवाड्याची कातडी लई टणक बाई. तिसऱ्यांदा पुरचुंडी ठेवली ती चांगली दाबून, बराच वेळ. दीपमाला हूं की चूं करीना. इतके दिवस आग सोसलेल्या त्या जागी खरी आग टेकली होती, आणि तिला वाटत होतं, देवा, कसं गार आहे.

दुसऱ्या दिवशी तिथं वाटीएवढा फोड आला होता.

फोड बघून शालनबाईंचं तोंड एवढंसं झालं. आपल्या हातानं असं कसं झालं, तू वरडलीस का न्हाईस, हे त्यांनी कितीदा तरी विचारलं. महापालिकेच्या दवाखान्यात त्या स्वतः तिला घेऊन गेल्या, रांगेत उभ्या राहिल्या, आणि आत जाताना हळूच म्हणाल्या, डागदरला माझं नाव नको सांगू गं.

डॉक्टर सायली वयानं लहान होती, दिव्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी असेल. फोडाला पट्टी करता करता तिचा हात थांबला. तिनं विचारलं, एवढा भाजेपर्यंत तुम्हाला कळलं कसं नाही? मग तिनं दीपमालाला डोळे मिटायला सांगितलं आणि कापूस फिरवला, टाचणी टेकवली, थंड चमचा लावला. गुडघा हलवून बघितला, पाठ वाकवायला लावली. ते सगळं ठीक निघालं. शेवटी ती म्हणाली, कंबर बघू.

दीपमालानं पट्टी सोडली. लुगड्याची ती जुनी पट्टी टेबलावर गळून पडली आणि कमरेभोवतीची खाच उघडी झाली, झाडाला दोर बांधून ठेवावा आणि झाडानं तो पोटात घ्यावा तशी. डॉक्टरनं कमरेच्या पुढच्या हाडाच्या आत, जांघेच्या वरच्या टोकाला, एक बोट ठेवलं आणि नेमकं दाबलं. तिथून वीज निघाली आणि सरळ मांडीच्या त्या तुकड्यात जाऊन पेटली. दीपमालाचे डोळे आपोआप उघडले.

"दुखणं मांडीत नाहीच ताई," डॉक्टर म्हणाली. "मांडी बिचारी निर्दोष आहे. दुखणं इथं अडकलंय."

तिनं सावकाश समजावलं. पाठीतून एक बारीक शीर निघते, कमरेच्या आतून या हाडाजवळून जांघेच्या पट्ट्याखालून बाहेर येते आणि मांडीच्या बाहेरच्या कातडीत पसरते. "ही शीर पाय हलवत नाही, वजन उचलत नाही. तिला एकच काम. कातडीला काय लागलं ते वर सांगायचं. वरून तिचा गळा आवळला, तर ती भलतंच सांगायला लागते. कुणी प्रेमानं बोट लावलं तरी सांगते, जाळ. आणि खरा जाळ लावला, तर सांगतच नाही."

दीपमाला त्या टेबलावरच्या पट्टीकडे बघत राहिली. जिच्या जोरावर ती उभी होती, तिनंच. ज्या दिवशी जास्त दुखलं त्या दिवशी जास्त आवळलं, आणि आवळलं म्हणून जास्त दुखलं. आईच्या मायेला दोष द्यायचा कसा, आणि न देऊन करायचं काय. तिनं विचारलं, "बरी होती का ओ ही?"

बहुतेकांची होते, डॉक्टर म्हणाली. पण आवळणं थांबवलं तर. काही आठवडे लागतील, महिनेही लागतील. घाई नाही करायची. ही पट्टी बंद. तो कंपनीचा पट्टाही बंद. सलवारीची नाडी, परकराची नाडी, सगळं ढिलं. सारखं ताठ उभं राहायचं नाही. राहावंच लागलं तर एक पाय आलटून पालटून पाटावर ठेवायचा. थोडं वजन उतरवायचं. साखर तपासून घ्यायची, कारण साखरेनंही शिरा बिघडतात. उताणं झोपताना गुडघ्याखाली उशी. त्या जागी शेक नाही, बर्फ नाही, चोळणंही नाही. रात्री घ्यायची एक गोळी दिली, तिनं झोप येईल, सकाळी थोडं गरगरेल. आणि एवढं करून नाहीच थांबलं तर शीर अडकते तिथंच सुई द्यायची, पण ते पुढचं पुढं. मग तिनं चिठ्ठी लिहिली आणि विचारलं, घरी कोण असतं? पुढच्या वेळी त्यांना घेऊन या, त्यांनाही समजायला हवं.

"ते ड्युटीवर असतेत," दीपमाला म्हणाली.

आईची पट्टी तिनं त्या दिवसापासून बांधली नाही. पहिले काही दिवस कंबर उघडी पडल्यासारखी वाटे, चालताना वाटे की मधूनच दोन तुकडे होऊन पडू. पण सकाळची आग खरंच थोडी निवू लागली. मात्र कंपनीत पाऊल टाकलं की पट्टा होताच. तो तिनं एक भोक ढिला केला, तर पाऊच घसरून चालताना नेमकं त्या तुकड्यावर आदळायला लागलं. पुन्हा आवळावा लागला.

लाइनचा प्रमुख रविराज लातूरकडचा, धाकट्या भावाच्या वयाचा आणि ताई ताई करणारा. त्याला तिनं मांडी हा शब्द टाळून जमेल तेवढं सांगितलं आणि चिठ्ठी काढली. त्यानं इकडंतिकडं बघून चिठ्ठीवर हात ठेवला. म्हणाला, "ही कुणाला दाखवू नका ताई. दाखवली की ठेकेदार म्हणंल, बाईला आराम द्या. आराम म्हंजे काय, तुमाला ठाऊक हाय."

तिला ठाऊक होतं. आराम दिलेल्या बायका परत आलेल्या तिनं पाहिल्या नव्हत्या.

त्यानं त्याच्या परीनं केलं. पाऊच गळ्यात अडकवायला दोरी दिली. सुरक्षेच्या साहेबानं ती काढायला लावली, दोरी मशिनीत जाते म्हणून. पाय ठेवायला प्लॅस्टिकचा उपडा क्रेट दिला. तो जमिनीवरच्या पिवळ्या रेषेच्या बाहेर येतो म्हणून दुपारी कुणीतरी उचलून नेला. बसून करायचं तपासणीचं काम होतं, पण ते कायम झालेल्यांचं. रविराज मान खाली घालून म्हणाला, "मी काय करू सांगा ताई." त्याच्या आवाजात लबाडी नव्हती. त्याच्याही कमरेला पट्टा होता, तो कुणी आवळला होता कुणास ठाऊक.

कोण वाईट होतं यात? शोधायला गेलं तर कुणीच नाही. सगळे आपापल्या जागी हात टेकून उभे, आणि मधल्यामधे एका बाईची मांडी जळते आहे. दीपमाला अर्धी सुटली, अर्धी बांधलेली राहिली. गोळी ती पिठाच्या डब्यामागे ठेवायची आणि ज्ञानेश ड्युटीवरून यायच्या आत घ्यायची. सकाळी गरगरत असताना तो विचारी, बरं नाही का? ती म्हणे, झोप झाली नाही. त्यालाही वाटत असणार, मी घरात असलो की हिला झोप नाही.

मार्गशीर्षातला एक गुरुवार. गुरुवारी कंपनीला सुट्टी, आणि त्या दिवशी ज्ञानेशलाही. शेजारी शालनबाईंकडे लक्ष्मीचा घट मांडलेला. उदबत्तीचा वास भिंतीवरून येत होता. दुपारचं जेवण झालं. ज्ञानेशनं ताट सरकवलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरशी बोलावं तसा बोलला. शिरवळकडं एक मोठं गोदाम आहे. राखणीला माणूस पाहिजे. तिथंच राहायची खोली देतात. महिन्यातून एकदा येता येईल. होकार कळवलाय, उद्याच निघायचंय.

दीपमालाच्या हातात खरकटं ताट तसंच राहिलं. तिनं विचारलं, इथली नोकरी काय वाईट आहे?

वाईट न्हाई, तो म्हणाला. मग अगदी सरळ, राग नसलेल्या आवाजात म्हणाला, "तुलाबी बरं पडंल माला. मोकळी झोपशील."

एवढंच. ओरडला असता तर बरं झालं असतं. एखादा टोमणा मारला असता तरी तिला उलट बोलायला जागा मिळाली असती. पण तो तिच्यावर उपकार करत होता. तिच्या डोळ्यांसमोरून आपला हात उचलून घेऊन निघाला होता, समजूतदारपणानं, कुणालाच दोष न देता.

तो उठला आणि माळ्यावरची बॅग काढायला स्टुलावर चढला. बॅग अडकली होती. ओढताना विसरून त्यानं डावा हात वर नेला. ती तीन बोटं बॅगेच्या बंदाभोवती वळली, नखं पांढरी झाली, आणि बॅग सुटून आली. तेवढ्यात त्याची नजर दीपमालाकडे गेली. ती बघत होती. त्यानं घाईघाईनं बॅग उजव्या हातात घेतली आणि डावा हात पाठीमागे नेला. स्टुलावरून उतरताना त्याचा तोल जरा गेला, पण आधाराला त्यानं तो हात पुढं आणला नाही.

दीपमालानं ताट खाली ठेवलं. तिला वाटलं, आता बोलले नाही तर हा माणूस जन्मभर असंच एका हातानं उतरत राहील. प्रेसची भीती होती ती होतीच. शब्द मोडल्याची लाज होती ती होतीच. पायात बळ नव्हतं, कमरेला आधार नव्हता, पुढं काय होईल याचा कसलाच भरवसा नव्हता. ती दाराजवळ गेली आणि कडी लावली. बॅगेची चेन उघडत बसलेल्या ज्ञानेशच्या समोर ती खाली बसली.

"काय झालं?" तो म्हणाला, वर न बघता.

"माझी मांडी जळायलीय," ती म्हणाली. तो शब्द पुरुषासमोर तिनं कधी उच्चारला नव्हता, पण ती थांबली नाही. "पोळ्यापासून. उजवी, भायेरून. तिथली शीर कमरेत दबलीय, दवाखान्यात सांगितलं. पदर लागला तरी आग व्हती, चादर लागली तरी व्हती. तुमी सिग्नलला हात ठेवला तवा दुसऱ्या कुणाचा, सोन्याचा हात असता तरी मी तशीच सरकले असते. बोलले तर तुमी परत प्रेसवर जाल, म्हणून मी बोलले न्हाई. माझे पाय धड न्हाईत ओ. मी खोटं बोलले. पण तुमच्या हाताची मला कदीच किळस आली न्हाई."